पर्सियसची काळी पाच आणि अलिबागचा तंबोरा

मिरजेच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न आहे: “अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही, असं आम्ही नववीला शिकवतो. मग ‘कृष्णविवराचा आवाज’ म्हणून मोबाइलवर फिरतं ते काय असतं? खरं, की कुणीतरी पेटीवर वाजवलेलं? आमच्या वर्गात दोन मुलं दृष्टिहीन आहेत. त्यांच्यासाठी शाळेतल्या शाळेत असं काही करता येईल का?”

सर, नववीला शिकवता ते बरोबर आहे, त्यात काही बदलू नका. घोळ आहे तो ‘आवाज’ या शब्दाचा. या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी फिरत असतात, आणि पाठवणारा सहसा त्यातली कुठली ते सांगत नाही. मी अठरा वर्षं उपग्रहांवरच्या चुंबकमापींचा डेटा हाताळतोय. त्यातला बराच वेळ आलेख बाजूला ठेवून हेडफोन लावण्यात गेला. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे खराखुरा आवाज. मंगळावर विरळ का होईना, पण वातावरण आहे. २०२१ साली तिथे उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर मायक्रोफोन आहेत. त्यांनी वारा ऐकवला, गाडीच्या चाकांची खडखड ऐकवली, इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या पात्यांची ८४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८४ कंपनांची, घरघर ऐकवली. तिथे आवाजाचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास भरतो, आपल्याकडच्या ३४० च्या मानाने मंद. इथे वादाचा मुद्दाच नाही. पुढे जाऊ.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. अवकाशात हवेच्या लहरी नसतात, पण दुसऱ्या लहरी भरपूर असतात: विद्युत, चुंबकीय, प्लाझ्माच्या (म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या), गुरुत्वीय. अँटेनाने अशी लहर पकडली की तारेत विद्युतदाबाचा चढउतार मिळतो. तो चढउतार स्पीकरला दिला की पडदा तसाच हलतो आणि आपल्याला ऐकू येतं. रेडिओत हेच होतं. लहर मूळचीच असते, आपण फक्त तिचं माध्यम बदलतो.

याचा अनुभव माणसाला अवकाशयानं यायच्या कितीतरी आधी आला. पहिल्या महायुद्धात जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूची टेलिफोनवरची बोलणी चोरून ऐकण्याच्या कामावर होते. बोलण्याच्या मध्येच त्यांना वरून खाली घसरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू येत. या शिट्ट्यांचा उलगडा १९५३ साली केंब्रिजमध्ये ओवेन स्टोरी यांनी केला. पृथ्वीवर कुठेतरी वीज कडाडते. तिची रेडिओलहर चुंबकीय बलरेषा धरून हजारो किलोमीटर वर जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेतल्या प्लाझ्मात उंच वारंवारतेचा भाग पुढे पळतो, खालचा मागे रेंगाळतो. कडाडताना सगळं एकदम निघालेलं असतं, पोचताना मात्र ते मिंडेसारखं लांबत येतं. या लहरी मुळातच काही हजार हर्ट्झच्या असतात, म्हणजे ऐकण्याच्या टप्प्यात. वेग वाढवायला नको, सप्तक बदलायला नको, एक लांब तार आणि अँप्लिफायर पुरे. आपल्याकडे गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे या शिट्ट्यांची नोंद झालेली आहे. शिट्टी किती ताणली गेली त्यावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती होते ते काढता येतं. पृथ्वीभोवतीच्या प्लाझ्माचा विस्तार आपल्याला आधी कळला तो असा, कानाने.

व्हॉयेजर १ ची गोष्टही याच जातीची. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते यान सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा, बुडबुडा ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. पण शिरलं हे ठरवायचं कसं? प्लाझ्मा मोजणारं त्याचं उपकरण केव्हाच बंद पडलेलं होतं. मग उपयोगी पडली ती आयोवा विद्यापीठातल्या डॉन गर्नेट यांच्या गटाची विद्युतलहरींची अँटेना. सूर्यावरच्या स्फोटांचे धक्के पोचले की तिथला प्लाझ्मा थरथरतो, आणि त्या थरथरीची वारंवारता फक्त इलेक्ट्रॉनच्या घनतेवर ठरते. एका घन सेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत त्याचं वर्गमूळ काढा, नऊ हजारांनी गुणा, झाली हर्ट्झमध्ये वारंवारता. २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये स्वर आला तो साधारण २,६०० हर्ट्झचा, म्हणजे घनता ०.०८. बुडबुड्याच्या आतल्यापेक्षा कितीतरी पट दाट, म्हणजे यान बाहेर पडलंय. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला स्वर याहून खालचा होता. ऐकवतात ती फीत काही महिन्यांचे तुकडे जोडून काही सेकंदांत बसवलेली आहे, पण स्वराची उंची जिथल्या तिथे आहे. तो स्वर म्हणजेच मापन.

आणि कधीकधी काहीच ऐकू न येणं हे मापन असतं. शनीच्या कड्यांच्या पातळीतून यान जातं तेव्हा धुळीचे कण अंगावर आपटून विद्युत झटके देतात, अँटेनाच्या फितीत त्यांची तडतड येते, पत्र्यावर गारा पडाव्या तशी. कॅसिनी यान २६ एप्रिल २०१७ ला शनी आणि त्याची सर्वांत आतली कडी यांच्या फटीतून पहिल्यांदा गेलं. धूळ असेल म्हणून मोठी तबकडी ढालीसारखी पुढे धरली होती. फीत आली तर तिच्यात नुसत्या लहरींच्या शिट्ट्या आणि चार-दोन टकटक. फट जवळजवळ रिकामी निघाली. ती आणि आधीच्या डिसेंबरातली तडतडणारी फीत मुलांना पाठोपाठ ऐकवा. स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

गुरुत्वीय लहरींबद्दल थोडक्यात. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने पकडलेली पहिली लहर ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत पाव सेकंदाच्या आत चढत गेली. हाही कानाचाच टप्पा, पण मोबाइलच्या स्पीकरला इतका खर्ज जमत नाही म्हणून ऐकवताना एक वर सरकवलेली आवृत्ती जोडतात. गोंगाटातून असा संकेत उपसून काढायची गणिती रीत बसवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा आहे. चीज आधी पाठ असेल तर जत्रेच्या कोलाहलातही ती कुठे चाललीय ते ओळखू येतं, तसंच हे. भारतातली लायगो हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.

आता तुमचं कृष्णविवर.

पर्सियस हा सुमारे चोवीस कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा समूह. तिथे दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही, तापलेल्या विरळ वायूने भरलेली आहे. मधल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर त्या वायूत बुडबुडे फुंकतं आणि त्यातून दाबाच्या लाटा निघतात. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं उठावी तशा त्या २००३ साली अँड्र्यू फेबियन आणि सहकाऱ्यांना चंद्रा या अवकाशातल्या दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रांत दिसल्या. वायूतल्या दाबाच्या लाटा म्हणजे व्याख्येने ध्वनीच. फक्त एक हेलकावा पुरा व्हायला जवळजवळ एक कोटी वर्षं लागतात. हिशेब केला तर हा स्वर बी फ्लॅट, आपल्या भाषेत काळी पाच, पण पेटीच्या मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली. पेटीत असतात तीन-साडेतीन सप्तकं.

२०२२ साली गाजलेली फीत याच लाटांची आहे. ५७ आणि ५८ सप्तकं वर, म्हणजे पहिलीत वारंवारता २ चा ५७ वा घात इतक्या पटींनी वाढवलेली. पण एक गोष्ट बातम्यांत राहून गेली. हा आवाज कुणी काळात ध्वनिमुद्रित केलेला नाही, करताही येणार नाही, कोटी वर्षं कोण थांबणार? चित्रात केंद्रापासून बाहेर जाताना जे चढउतार दिसतात ते काढले आणि त्यांना काळातले चढउतार मानून वाजवले. पाण्यावरच्या वर्तुळांच्या फोटोवरून डबक्याचा आवाज बांधावा, तसं. म्हणून ही फीत मी खोटी म्हणत नाही, आणि ‘रेकॉर्डिंग’ म्हणणाऱ्यालाही होकार देत नाही. लाट खरी, स्वराची जागा हिशेबाने खरी. त्यातला तो भुतासारखा घुमणारा बाज मात्र बांधणीतून आलेला. मुलं विचारतील, “सर, ते ओरडतंय का?” तर नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्यांना स्वर नेमून देणं. इथे मुळात लहर असायलाच हवी असं नाही. चंद्रा दुर्बिणीने टिपलेलं आकाशगंगेच्या केंद्राचं चित्र २०२० साली असंच ऐकवलं गेलं: डावीकडून उजवीकडे एक रेघ सरकते, चित्रात वर असेल त्याचा स्वर वरचा, उजळ असेल ते मोठ्याने. नियम जाहीर असेल तर हे प्रामाणिक काम आहे. ब्रेल लिपीही ठिपक्यांना अक्षरं नेमूनच होते.

पण इथेच फसवणूक सोपी होते, आणि मी जरा चिडून बोलणार आहे. पुष्कळ जण आकडे पाच स्वरांच्या सप्तकात बसवतात, वर घुमारा चढवतात, मागे तारवाद्यांचा गालिचा अंथरतात. ऐकणारा म्हणतो, वा, विश्वात संगीत भरलंय! अहो, महिन्याचं विजेचं बिल भूपात बसवलं तरी ते गोडच लागेल. गोडवा भूपाचा असतो, बिलाचा नव्हे. माझी कसोटी साधी आहे. डेटातले आकडे उलटसुलट पिसून तीच पाककृती पुन्हा वाजवा. तितकंच छान वाटलं तर ऐकणारा डेटा ऐकतच नव्हता.

याउलट एक उदाहरण, जिथे गोडवा खरोखर डेटातच आहे. ट्रॅपिस्ट-१ नावाच्या ताऱ्याला सात ग्रह आहेत, २०१७ साली जाहीर झाले. त्यांच्या प्रदक्षिणांचे काळ शेजारी-शेजारी तपासले तर गुणोत्तरं येतात जवळजवळ ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३, ३:२. गाण्यातल्या माणसाला सांगायला नको: ३:२ म्हणजे षड्ज-पंचम, ४:३ म्हणजे षड्ज-मध्यम, ५:३ शुद्ध धैवत आणि ८:५ कोमल धैवत. प्रदक्षिणांचा वेग कोट्यवधी पटींनी वाढवून प्रत्येक ग्रहाचा स्वर केला की ते आपोआप जुळलेले येतात, कुणी पट्टीत ओढावे लागत नाहीत. कारण भौतिक आहे. एकमेकांना ठरावीक ठिकाणी पुन्हापुन्हा खेचल्याने ग्रह या गुणोत्तरांत अडकून राहिलेत. मिरजेच्या मुलांना तंबोऱ्याची गल्ली माहीत असते, त्यांना हे लगेच कळेल.

‘याचा विज्ञानाला उपयोग काय’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पालकसभेत कुणीतरी विचारणारच. कान दोन गोष्टींत डोळ्यापेक्षा वरचढ आहे: काही मिलिसेकंदांचा फरक पकडणं, आणि गोंगाटात दडलेलं आवर्तन ओळखणं. मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट अलेक्झांडर हे संगीतकार सौरवाऱ्याचा डेटा ऐकत होते. कार्बनच्या आयनांच्या आकड्यांत त्यांना एक ठळक गुंजन ऐकू आलं. ते सूर्याच्या साधारण २७ दिवसांच्या परिवलनाचं होतं, आणि त्यातून सौरवाऱ्याचा उगम ओळखायला कार्बन अधिक चांगला हे पुढे आलं. लंडनमध्ये मार्टिन आर्चर यांनी शाळकरी मुलांना उपग्रहांच्या चुंबकीय डेटाच्या फिती ऐकायला दिल्या. एका सौरवादळानंतर दिवसेंदिवस स्वर बदलत जाणाऱ्या लहरी त्या मुलांनी टिपल्या, आणि २०१८ साली त्यावर शोधनिबंध निघाला. आणि वांडा डिआझ-मर्सेड. पोर्तो रिकोच्या या खगोलशास्त्रज्ञांची दृष्टी शिकत असतानाच गेली, मग त्या डेटा ऐकून संशोधन करू लागल्या. तुमच्या त्या दोन मुलांना हे नाव नक्की सांगा.

आता शाळेत काय करायचं. जवळचा डेटा घ्या, अलिबागचा. भूचुंबकीय नोंदी आपल्याकडे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौरवादळाचे आकडे कुलाब्याला हाताने टिपले गेले, आणि त्यातली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण आजही जगभर दाखल्याला काढतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया हलणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. भारतीय भूचुंबकत्व संस्था ते आजही चालवते. जगभरच्या अशा वेधशाळांचं इंटरमॅग्नेट नावाचं जाळं आहे, त्यात अलिबागचा दर मिनिटाचा डेटा एबीजी (ABG) या खुणेखाली शोधा. २०२४ चं वर्ष मिळालं तर उत्तम, त्यात दोन मोठी वादळं आहेत.

चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकाचा एकच स्तंभ घ्या. वर्षाचे सव्वापाच लाखांवर आकडे होतात. ध्वनिफितीत सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, म्हणजे अख्खं वर्ष बारा सेकंदांत बसतं. पायथन या संगणकभाषेत हे पाच-सहा ओळींचं काम आहे, संगणकाचे सर करून देतील. मात्र आधी सरासरी वजा करा. अलिबागचं क्षेत्र सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आणि रोजचा चढउतार काही दहांचा. सरासरी तशीच ठेवली तर एक ‘धप्प’ ऐकू येईल आणि पुढे शांतता.

आणि आकडे डोळ्यांखालून घाला. कामाच्या पहिल्या वर्षी सौरवाऱ्याच्या फाइलमधून मला गोळीबारासारखे ठोके ऐकू आले. दोन दिवस मी हवेत होतो. मग एका वरिष्ठांनी फाइल उघडून दाखवली: जिथे मापन नाही तिथे ९९९९९ भरून ठेवायची पद्धत असते. मी रिकाम्या जागा ऐकत होतो. त्यानंतर एकदा सुरेख, स्थिर स्वर सापडला, तो निघाला उपग्रहाच्या स्वतःभोवतीच्या गिरकीचा. हल्ली काही फार नियमित ऐकू आलं की मी आधी यंत्रावर संशय घेतो, निसर्गावर नंतर.

बारा सेकंदांच्या त्या फितीत काय असेल? या वेगाला एक दिवस म्हणजे सेकंदाचा एकतिसावा भाग, म्हणून दिवस-रात्रीचा चढउतार ३१ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज होतो. सूर्य वर आला की वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतप्रवाह वाहतात, त्यांची ही खूण. तो चढउतार गुळगुळीत गोल नसतो, त्यामुळे त्यात १२ तासांचं, ८ तासांचं, ६ तासांचं आवर्तनही असतं: ६१, ९२, १२२ हर्ट्झ. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. तंबोऱ्याची तार छेडल्यावर आत जे स्वयंभू स्वर बोलतात, त्याच पायऱ्या. मोबाइलवर वाजवू नका, इतका खर्ज त्याला निघत नाही. हेडफोन हवाच. सव्वाचार सेकंदांच्या सुमारास एक फटका येईल, ते १० मेचं वादळ. ज्या रात्री लडाखात हानलेच्या आकाशात तांबडी प्रभा दिसली, ती रात्र. सव्वानऊ सेकंदांपाशी दुसरा, १० ऑक्टोबरचा. फटका इतका मोठा असतो की त्याच्या मापाने फीत बसवली तर रोजचा खर्ज दबतो. वादळाची उंची थोडी छाटलीत तर चालेल, पण तसं केल्याचं मुलांना सांगा.

त्या दोन मुलांसाठी मात्र हे पुरेसं नाही, कारण वादळ एका टिचकीत निघून जातं. त्यांच्यासाठी तिसऱ्या प्रकारची फीत करा. १० ते १२ मे असे तीनच दिवस घ्या, ४,३२० आकडे, आणि दीड मिनिटात पसरा. एक तास म्हणजे सव्वा सेकंद. वादळाआधीच्या शांत पातळीला ४४० हर्ट्झ, पेटीवरची पांढरी सहा. दर १०० नॅनोटेस्लाच्या घसरणीला अर्धं सप्तक खाली. हर्ट्झ सारख्या अंतराने वाटू नका, कान गुणोत्तर ऐकतो, वजाबाकी नाही. वादळात ४०० ची बुडी लागली तर स्वर दोन सप्तकं खाली, ११० ला पोचेल. दर तासाला एक बारीक टिकटिक घाला, मध्यरात्रीला वेगळी. ती नसेल तर कानाला धरायला काठ राहत नाही, आलेखावरच्या चौकटी पुसाव्या तसं होतं. फाइलमधली वेळ ग्रिनिचची असते, आपली तिच्या साडेपाच तास पुढे.

टिकटिक कशाची आणि स्वर कशाचा एवढं आधी सांगा, बाकी काही सांगू नका. फाइलच्या वेळेने १७:०५ ला, म्हणजे फितीत एकविसाव्या सेकंदाच्या जरा पुढे, सौरवाऱ्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला दाबतो. सगळे जण स्वर खाली जाण्याची वाट बघत असतात. तो आधी वर उडी मारतो. ही उडी मुलांपैकी कुणी आधी बोलून दाखवली ते मला कळवा, माझी पैज त्या दोघांवर आहे.